सुईची किंमत आणि गोळ्यांचा हिशेब

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी वाळवा तालुक्यातली. वय ४६. घरी शिवणकाम करते, मिस्टर पतसंस्थेत आहेत. धाकट्याच्या बाळंतपणापासून दमा आहे, त्याला आता १७ वर्षं झाली. नाकात वाढलेलं मांस दोनदा ऑपरेशन करून काढलं, तरी पुन्हा वाढलंय. वास असा येतच नाही. दूध करपलं तरी मला कळत नाही, सासूबाई माजघरातून ओरडतात तेव्हा कळतं. गेल्या वर्षी दोनदा ॲडमिट झाले आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांचे पाच कोर्स झाले. मधे जास्त वाटलं की त्याच गोळ्या मेडिकलमधून आणून दोन-चार दिवस घेते, लगेच उतार पडतो. (मागे एकदा कंबरदुखीची गोळी घेतल्यावर तासाभरात एवढी धाप लागली की रात्रीच मिरजेला न्यावं लागलं. पण ते थंडीमुळे झालं असावं.)

आता मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. इओसिनोफिल ६२० आणि आयजीई २४० आलं. मेपोलिझुमॅब नावाचं इंजेक्शन दर चार आठवड्यांनी घ्यायचं असं ते म्हणतात. किंमत ऐकून मिस्टर गप्पच झाले. थोरली यंदा बारावीला आहे. सासूबाई म्हणतात, एकदा सुई लागली की सुटत नाही. दीर म्हणतात, करोनात देत होते तसलंच आहे, प्रतिकारशक्ती जाते. शेजारच्या काकू कोजागिरीचं औषध घे म्हणतात, त्यासाठी चाळीस दिवस पंप बंद ठेवायचा. इंजेक्शन घ्यावं का? घेतलं तर पंप आणि गोळ्या सुटतील का? आयुष्यभर घ्यावं लागेल का?

— एक वाचक भगिनी

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. आधी त्याबद्दलच बोलते, इंजेक्शन नंतर.

दमा, नाकात पुन्हापुन्हा वाढणारं मांस आणि वेदनाशामक गोळीनंतर तासाभरात उठलेली धाप, हे तिन्ही एकाच माणसात दिसलं की आम्ही छातीचे डॉक्टर कान टवकारतो. फ्रान्समध्ये विडाल यांनी हे त्रिकूट १९२२ मध्येच नोंदवलं होतं. पुढे १९६८ मध्ये शिकागोच्या मॅक्स सॅम्टर यांनी त्यावर सविस्तर लिहिलं, तेव्हापासून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन ही सगळी एका घराण्यातली औषधं. शरीरातलं एक विकर (एन्झाइम) ती अडवतात. त्याने दुखणं थांबतं, पण अशा रुग्णांमध्ये त्या विकराकडे जाणारा कच्चा माल दुसऱ्या वाटेला वळतो आणि श्वासनळ्या आवळणारी रसायनं एकदम वाढतात. थंडीपेक्षा माझा संशय त्या गोळीवरच जास्त आहे. एका प्रसंगावरून मी शिक्का मारणार नाही, ते काम तुमच्या डॉक्टरांचं. पण ही गोष्ट तुम्ही त्यांना सांगितलेली दिसत नाही. उद्या सांगा. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा. दाताच्या डॉक्टरांना सांगा, आणि गावातल्या ज्या डॉक्टरांकडे ताप आला की जाता त्यांनाही सांगा, कारण कंबरेत सुई मारताना डायक्लोफेनॅक फार सढळ हाताने वापरलं जातं. मेडिकलमधली ‘अंगदुखीची साधी गोळी’ पुष्कळदा पॅरासिटामॉल आणि ॲसिक्लोफेनॅक यांची जोडगोळी असते, तेव्हा पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून घ्या. नुसती ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, तरी तुम्हाला ती चालते का हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

हे इतकं लांबण लावून सांगण्याचं आणखी एक कारण आहे. या त्रिकुटातला दमा बहुधा इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेला असतो, आणि तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेलं इंजेक्शन नेमकं त्याच पेशींसाठी बनलेलं आहे. तुमच्या कंसातल्या वाक्याने त्यांचा सल्ला बळकटच होतो.

आता गोळ्या. किंमत ऐकून मिस्टर गप्प झाले, हे मी समजू शकते. पण घरात आधीपासून जे औषध चालू आहे, त्याचा हिशेब कुणी मांडलाय का? समजा एका कोर्सला रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, सात दिवस. म्हणजे २८० मिलिग्रॅम. असे पाच कोर्स म्हणजे १४०० मिलिग्रॅम, जवळपास दीड ग्रॅम, तेही एका वर्षात. शिवाय मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, त्यांचा तर कागदच नाही. आयुष्यभरात पोटात गेलेल्या या गोळ्यांची बेरीज अर्धा ते एक ग्रॅम झाली, की तिथपासूनच दुष्परिणामांचा धोका वाढलेला दिसतो: साखर, रक्तदाब, मोतीबिंदू, ठिसूळ हाडं, झोप उडणं, चेहरा सुजल्यासारखा गोल होणं. तुम्ही ही बेरीज बहुधा केव्हाच ओलांडलीय. गोळीची पट्टी स्वस्त मिळते म्हणून ती स्वस्त वाटते. तिचं बिल दहा वर्षांनी येतं, आणि ते खुब्याच्या हाडाचं, डोळ्याचं, मधुमेहाचं असं वेगवेगळ्या नावांनी येतं, त्यामुळे ते या गोळीचंच आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

गोळ्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. अटॅक आला की त्याच जीव वाचवतात, आणि त्या वेळी त्या घ्यायलाच हव्यात. पण वर्षातून पाच कोर्स लागतात याचा अर्थ दमा आटोक्यात नाही. त्यातच त्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू आणि बंद करणं हे मात्र मला तुमच्यावर रागवावंसं वाटण्याजोगं आहे. सासूबाईंना सुईची भीती वाटते. मला तुमच्या घरातल्या त्या पट्टीची वाटते.

बरं, हे इंजेक्शन करतं काय? रक्तात पांढऱ्या पेशींचे काही प्रकार असतात, त्यातल्या एकाला इओसिन नावाच्या रंगाने छान लालसर गुलाबी छटा येते म्हणून नाव इओसिनोफिल. पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये त्या ओळखल्या. जंतांशी लढणं हे त्यांचं जुनं काम. काही जणांमध्ये त्या कारण नसताना श्वासनळ्यांत आणि नाकात ठाण मांडून बसतात आणि आतलं अस्तर सुजवत राहतात. या पेशी वाढवायचा निरोप शरीरात इंटरल्युकिन-५ नावाचा एक पदार्थ देतो. मेपोलिझुमॅब त्या निरोप्यालाच धरून ठेवतं. निरोप पोचला नाही की पेशींची संख्या काही दिवसांत खाली येते. बस, एवढंच काम. बेनरालिझुमॅब नावाचं दुसरं एक आहे, ते निरोप्याला न धरता पेशीच्या दारावरच जाऊन बसतं. आणि ओमालिझुमॅब हे सगळ्यात जुनं, अमेरिकेत जून २००३ मध्ये मान्यता मिळालेलं. ते आयजीईला, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या रक्तातल्या एका घटकाला पकडतं, ॲलर्जीच्या दम्यासाठी. तुमच्या शेजारच्या कुणाला ‘दम्याचं इंजेक्शन’ लागू पडलं नसेल तर ते यातलं कोणतं होतं हे विचारल्याशिवाय त्यांचा अनुभव स्वतःला लावू नका.

या औषधाची एक गोष्ट मला सांगायलाच हवी. सुरुवातीला मेपोलिझुमॅब नापास झालं होतं. २००७ मध्ये ३६२ दमेकऱ्यांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला आणि फायदा दिसला नाही. औषध फडताळात जाणार, अशी वेळ आली होती. मग इंग्लंडमधल्या लेस्टर आणि कॅनडातल्या हॅमिल्टन इथल्या दोन गटांनी वेगळा विचार केला. सरसकट सगळ्या दमेकऱ्यांना न देता, ज्यांच्यात इओसिनोफिल खरोखर वाढलेत आणि ज्यांना वारंवार अटॅक येतात त्यांनाच द्यायचं. लेस्टरला ६१ रुग्ण, हॅमिल्टनला अवघे २०. २००९ मध्ये दोन्ही निकाल छापून आले आणि अटॅक स्पष्ट कमी झालेले दिसले. औषध तेच होतं, माणसं बरोबर निवडली एवढाच फरक. २०१४ च्या मोठ्या चाचणीत त्वचेखाली इंजेक्शन घेणाऱ्यांचे अटॅक निम्म्याहून थोडे जास्तच घटले. त्याच वर्षी रोज गोळ्या घेणाऱ्या १३५ रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. इंजेक्शनवाल्यांच्या गटात गोळ्यांची मात्रा साधारणपणे निम्म्यावर आली आणि खोट्या इंजेक्शनच्या गटात जिथल्या तिथे राहिली.

म्हणून तुमचे ६२० मला महत्त्वाचे वाटतात. साधारण ३०० च्या वर असलं आणि वर्षात असे अटॅक असले, तर हे औषध लागू पडण्याची शक्यता चांगली. हे रक्त गोळ्या चालू असताना घेतलं होतं का, हे विचारून घ्या. स्टिरॉइडने हा आकडा दबतो, म्हणजे गोळ्या चालू असूनही ६२० आला असेल तर खरा आकडा वरचाच असणार.

तरी पहिली सुई टोचून घेण्याआधी तीन कामं करा.

पहिलं, पंप घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवा. हसू नका. तीस वर्षांत मी कित्येकांना ‘पंप दाखवा’ म्हटलंय. एकजण अत्तर मारल्यासारखा तोंडापुढे हवेत मारायचे. एक आजी श्वास आत घेऊन झाल्यावर दाबायच्या. एक निवृत्त एसटी कंडक्टर टोपण न काढताच फुसफुस करून दाखवत होते, कारण घरी ते काम सूनबाई करायची. दर पाचातले चार जण पंप कुठे ना कुठे चुकतात असं आढळलेलं आहे. ‘पंपाने काही होत नाही’ असं सांगत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नवं औषध लागत नाही, स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) आणि पाच मिनिटांची शिकवणी लागते. सगळं नीट करूनही दमा आटोक्यात येत नाही असे लोक थोडे. नेदरलँड्समधल्या पाहणीत सगळ्या दमेकऱ्यांत ते साधारण ३.७ टक्के निघाले. तुम्ही त्यातल्या असाव्यात असं कागदावरून वाटतं, पण खात्री करून घ्या. रोजचा, सूज उतरवणारा पंप खरोखर रोज दोन वेळा घेता का, की बरं वाटलं की सोडता? याचं उत्तर मला देऊ नका, डॉक्टरांना खरं द्या.

दुसरं, शौचाची तपासणी. इओसिनोफिल जंतांमुळेही वाढतात आणि आपल्याकडे शेतात अनवाणी जाणं काही गेलेलं नाही. पोटात जंत असतील तर आधी त्यांचं औषध, मग इंजेक्शन, असं या औषधाच्या पत्रकातच लिहिलेलं असतं.

तिसरं, ॲस्परजिलस या बुरशीची ॲलर्जी पाहिली आहे का ते विचारा. आपल्या देशात दमेकऱ्यांत ती बरीच सापडते आणि तिचे उपचार वेगळे. तुमचं आयजीई २४० म्हणजे तिची शंका कमीच, पण फाईलमध्ये तो कागद असलेला बरा.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. करोनात ज्याच्यासाठी लोक रात्रभर फोन करत होते त्या टोसिलिझुमॅबच्या नावाच्या शेवटी ‘मॅब’ आहे, याच्याही शेवटी आहे. मॅब म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी, एकच कुलूप ओळखणाऱ्या किल्ल्या. ती बनवायची रीत १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिल्स्टाइन यांनी शोधली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आडनाव एक असलं तरी किल्ली वेगळ्या कुलपाची. टोसिलिझुमॅब प्रतिकारशक्तीचा बराच मोठा कप्पा दाबतं. मेपोलिझुमॅब एका पेशीचा एक निरोप अडवतं. खरं तर प्रतिकारशक्ती सरसकट दाबणारं औषध तुमच्या घरात आहेच, ते म्हणजे त्या गोळ्या. इंजेक्शनचे नेहमीचे त्रास म्हणजे डोकेदुखी, टोचल्या जागी लाली किंवा ठणका, थोडी पाठदुखी, थकवा. अंगावर गांधी उठणं, ओठ-घसा सुजणं, चक्कर अशी तीव्र ॲलर्जी क्वचित होते, म्हणूनच पहिली काही इंजेक्शनं दवाखान्यात घ्यायची आणि नंतर तिथेच थांबायचं. चाचण्यांत काही जणांना नागीण झाली होती, तेव्हा तिची लस घ्यावी का हे विचारा. फ्लूची लस दरवर्षी घ्याच.

आणि एक दुर्मीळ गोष्ट, पण सांगून ठेवते. गोळ्या कमी होत असताना पायाला-हाताला बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं किंवा अंगावर जांभळट पुरळ उठलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी कळवा. इओसिनोफिलचा एक मोठा आजार गोळ्यांखाली झाकलेला असू शकतो.

पंप सुटतील का? नाही. निदान पहिल्या वर्षात तो विषयही काढू नका. इंजेक्शन पंपाच्या जोडीला असतं. दोन महिन्यांनी छान वाटायला लागलं की माणूस पहिल्यांदा पंप सोडतो आणि तिथेच फसतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की तुमचंही तसंच होईल असं धरून चालते. आणि अटॅक आला तर हे इंजेक्शन काही कामाचं नाही, तेव्हा नेहमीचाच पंप, नेब्युलायझर, दवाखाना.

गोळ्या सुटू शकतात, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं मुख्य कारण तेच आहे. पण त्या सोडायच्या डॉक्टरांनी आखून दिलेल्या पायऱ्यांनी. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी आपलं स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरतात. गोळी एकदम बंद केली तर प्रचंड थकवा, उलट्या, रक्तदाब खाली जाणं, असं गंभीर होऊ शकतं. तुमच्यासारखं अधूनमधून पण वारंवार घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. ज्या दिवशी पहिलं इंजेक्शन घ्याल त्या दिवशी मेडिकलमधून गोळ्या आणणं बंद आणि कधी, किती घ्यायच्या याचा लेखी कागद डॉक्टरांकडून घ्यायचा.

आयुष्यभराचं म्हणाल तर हे लग्न नाही. निदान चार महिने देऊन पाहायचं आणि मग बसून ठरवायचं, अशीच जगभरात पद्धत आहे. चार महिन्यांनी काहीच फरक नसेल तर हे बंद करून कारण शोधायचं किंवा दुसरं औषध पाहायचं. उगाच ओढत राहायचं नाही. फरक असेल तर मात्र ते चालू ठेवावं लागतं, कारण बंद केल्यावर बऱ्याच जणांचा दमा काही आठवड्या-महिन्यांत पुन्हा डोकं वर काढतो. यात सवय लागणं किंवा नशा असं काही नाही. चष्मा काढल्यावर पुन्हा अंधूक दिसतं म्हणून कुणी ‘चष्म्याची सवय लागली’ म्हणत नाही. (म्हणतात खरं. माझी आई म्हणायची.)

म्हणून आजच एक वही करा. इंजेक्शनच्या आधीचं एक पान: गेल्या वर्षी किती अटॅक, किती दिवस ॲडमिट, किती गोळ्या, आठवड्यात किती रात्री धापेने जाग आली, आराम देणारा पंप किती वेळा लागला, शिवणयंत्रावर सलग किती वेळ बसता येतं. चार महिन्यांनी समोरचं पान भरा. स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकर मारून करायच्या श्वासाच्या तपासणीचे, दोन्ही कागद जोडा. हा व्यवहार एवढा महागडा आहे की तो ‘जरा बरं वाटतंय’ या शब्दांवर चालवू नये.

आता पैसे. आधी एक साधी गोष्ट: दर चार आठवड्यांनी म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ इंजेक्शनं. मिस्टरांनी १२ ने गुणलं असेल तर दुरुस्त करा. बेनरालिझुमॅबची पहिली तीन चार-चार आठवड्यांनी आणि मग आठ आठवड्यांनी असतात. पहिल्या वर्षी आठ, नंतर सहा-सात. एका सुईची किंमत न बघता दोन्हींचा वर्षाचा खर्च मांडून द्या असं डॉक्टरांना म्हणा. तुमच्यासारख्या दम्यात दोन्ही चालण्याजोगी असतील, तर त्यातलं परवडणारं निवडायला लाज कसली?

तुमच्याकडे मेडिक्लेम आहे की नाही हे तुम्ही लिहिलं नाही, पण पतसंस्थेतल्या माणसाकडे कुटुंबाची पॉलिसी असण्याची शक्यता धरते. विमा नियामकाने सप्टेंबर २०१९ मध्ये १२ आधुनिक उपचारांची यादी काढली आणि कंपन्यांना ते सरसकट वगळता येणार नाहीत असं ठरवलं. त्या यादीत इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी आहेत. तुमचं औषध त्यातच बसतं. अर्थात कंपन्या त्यावर मर्यादा घालू शकतात, म्हणून पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘आधुनिक उपचार’ हे पान काढून तिथला आकडा पाहा. इंजेक्शन ओपीडीत घेऊन मेडिकलचं बिल जोडलं तर दावा फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. डे-केअर म्हणून नोंद, हॉस्पिटलचं बिल, हे औषध का लागतंय याचं डॉक्टरांचं पत्र आणि आधी लेखी मंजुरी, या क्रमाने जा. दमा पॉलिसी घेताना सांगितला होता ना? सांगितला असेल तर जुन्या आजारासाठीची थांबायची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. नकार आला तर तो लेखी मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही. औषध कंपनीची रुग्णांसाठी काही सवलत योजना चालू आहे का, हेही हॉस्पिटलच्या औषध दुकानात नव्हे, डॉक्टरांच्या सहायकाकडे विचारा. त्यांना माहीत असतं.

हे सगळं करूनही जमत नसेल तर कर्ज काढू नका, थोरलीचे पैसे मोडू नका. डॉक्टरांना सरळ सांगा. नाकाच्या मांसासाठी आणि दम्यासाठी अजून काही कमी खर्चाच्या पायऱ्या उरल्या असतील तर त्या आधी चढता येतील. पैशांची अडचण डॉक्टरांपासून लपवून दोन इंजेक्शनं घेऊन तिसरं बुडवणं, हा सगळ्यात वाईट सौदा.

औषध तुम्हालाच आणायला सांगितलं तर ते थंड पेटीत आणा, बर्फाला थेट चिकटवू नका. घरी फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, एकदा गोठलं की ते टाकून द्यायचं. तुमच्याकडे लाईट जाते तेव्हा किती तास जाते हे मला माहीत नाही, म्हणून माझं मत असं की साठवण हॉस्पिटलवरच सोडा आणि त्या दिवशी जाऊन घ्या. पुढे पेनच्या रूपातलं मिळालं आणि हात बसला तर घरी मांडीवर किंवा पोटावर घेता येतं. भुकटी विरघळवून द्यायचं असेल तर ते काम सिस्टरांचंच.

कोजागिरीला आटवलेलं दूध जरूर प्या, चांदण्यात बसून प्या, मलाही आवडतं. पण काकूंच्या औषधाची चाळीस दिवस पंप बंद ठेवायची अट कोजागिरीच्या सुमारासच पडते, तेव्हा हवा बदलत असते आणि साखर कारखाने पेटायची वेळ जवळ आलेली असते. पाचट जाळल्याचा धूर, अंगणात पडणारी बगॅसची काजळी, त्यात पंप नाही. असं करून अतिदक्षता विभागात आलेले रुग्ण मी पाहिलेत. काकूंशी वाद घालू नका, पंप मात्र घेत राहा. शिवताना तोंडाला मास्क लावा, कातरणाची धूळ ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका.

राहिल्या सासूबाई. त्यांना घरी बसवून पटवत बसू नका. पहिल्या इंजेक्शनला सोबत घेऊन जा. सुई केवढी आहे, दंडावर टोचायला किती सेकंद लागतात हे त्यांना स्वतः बघू दे. नंतर तास-दोन तास तिथेच बसायचं आहे, तेव्हा डबा न्या. आणि वहीत त्यांच्यासाठी एक रकाना ठेवा. नाकातली सूज उतरली तर काही जणांचा गेलेला वास थोडाथोडा परततो. सगळ्यांचा नाही, म्हणून वचन देत नाही. पण एखाद्या सकाळी दूध लागल्याचं सासूबाईंच्या आधी तुम्हाला कळलं, तर ती तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्या.